आपल्याला जिथे दम लागतो तिथे याक चरतो कसा?

दरवर्षी पेरण्या आटोपल्या की आपल्या गावांमधून अमरनाथला जाणारे जत्थे निघतात, आणि परत आलेला प्रत्येक माणूस प्रसादासोबत एकच गोष्ट सांगतो, की वर दहा पावलं चाललं की दम लागतो, डोकं ठणकतं, जेवण जात नाही. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, त्यामुळे हे होणारच. मग पुढचा प्रश्न येतोच, की राजेहो, आपली अशी गत होते तर तिथले घोडे, मेंढ्या, बकऱ्या आरामात चरतात कशा? त्यावर कोणीतरी म्हणतं, त्यांना सवय आहे, आणि विषय संपतो.

सवय हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं आपल्या कामाचं आहे, कारण आजकाल मोबाइल उघडला की हिमाचलच्या सफरचंदाची रोपं विदर्भात लावा, थंड डोंगरातल्या गाईंचं दूध भारी असतं, असे व्हिडिओ दिसतात आणि लोकं त्यावर पैसे लावतात. एखादं जनावर किंवा पीक एखाद्या जागी काहून जगतं हे कळलं तर ते दुसऱ्या जागी जगेल का हेही बऱ्यापैकी कळतं. म्हणून जरा पायापासून बघू.

वर गेलं की नेमकं काय बदलतं

पहिला गैरसमज असा की उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा कमी असतो. नाही, वाटा तोच असतो. अमरावतीच्या हवेत शंभरातले २१ भाग ऑक्सिजन आहे, लेहमध्येही २१, एव्हरेस्टवरही २१. फरक असा की वर हवाच विरळ असते. खालची हवा वरच्या हवेच्या वजनाने दाबलेली असते, जसजसं वर जाऊ तसतसं डोक्यावरचं हवेचं ओझं कमी होतं आणि हवा पसरते, त्यामुळे तेवढ्याच एका श्वासात कमी हवा येते. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६५ टक्के असतो, ५,५०० मीटरवर तो निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या टोकावर एक तृतीयांश. दाब कमी म्हणून लेहमध्ये पाणी १०० ऐवजी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या गंजात डाळ शिजता शिजत नाही आणि प्रत्येक घरात कुकर लागतो.

दुसरा प्रश्न पोरं हमखास विचारतात आणि चांगला आहे, की डोंगर सूर्याच्या जवळ असतो तर तिथे थंडी कशी? सूर्य कोट्यवधी किलोमीटर लांब आहे, त्यात चार किलोमीटरचा काही हिशोबच नाही. हवा मुख्यतः खालून, म्हणजे तापलेल्या जमिनीपासून गरम होते, ती गरम हवा वर जाते तेव्हा दाब कमी म्हणून फुगते आणि फुगताना थंड होते. ढोबळ हिशोब असा की दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात. हा हिशोब तुम्ही स्वतः करून बघू शकता, अमरावती साधारण ३४० मीटरवर आणि चिखलदरा ११०० मीटरवर, म्हणजे पाच अंशांच्या आसपास फरक यायला पाहिजे आणि तेवढा येतोच. म्हणून खाली पऱ्हाटी आणि तूर आणि वर चिखलदऱ्याला कॉफीची झाडं. अर्थात चिखलदरा हा उंच प्रदेश नाही, तिथे कोणाला दम लागत नाही. शास्त्रज्ञ ज्याला उंच म्हणतात ते साधारण २,५०० मीटरच्या वरचं.

याशिवाय वर ऊन जास्त बोचरं असतं, कारण त्वचा जाळणारे अतिनील किरण अडवायला हवा कमी, ते दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. आणि लडाखसारख्या ठिकाणी पाऊस जवळजवळ नाहीच. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, आपल्याकडे कधीकधी एका रात्रीत तेवढा पडून नाल्याला पूर येतो.

सरावणं वेगळं आणि वंशातून येणं वेगळं

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ होतो. आपल्या गावचा फौजी लडाखला जातो तेव्हा त्याला लगेच वरच्या चौकीवर पाठवत नाहीत, आधी काही दिवस सरावासाठी ठेवतात. त्या दिवसांत त्याचा श्वास वाढतो, मग हळूहळू शरीर रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, म्हणजे हिमोग्लोबिन वाढतं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला तो लाल पदार्थ जो ऑक्सिजन धरून शरीरभर पोचवतो. हे झालं सरावणं. तो सुट्टीवर घरी आला की काही आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं आणि त्याच्या लेकराला यातलं काहीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट अनेक पिढ्यांची आहे. ज्यांना वरची हवा मानवली नाही ते मेले किंवा त्यांना पिल्लं झाली नाहीत, ज्यांच्या अंगात काही उपयोगी फरक होता त्यांचा वंश वाढला, असं हजारो वर्षं चाललं. हे अनुकूलन. याकाकडे, म्हणजे तिबेट-लडाखकडच्या त्या लांब केसांच्या बैलासारख्या जनावराकडे, आहे ते हे, आणि ते चार महिने डोंगरात नेऊन बांधल्याने कोणत्याही गाईत येत नाही.

गाय वर नेली तर तिच्या छातीत काय होतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा लांबवतो.

समजा वावरात ठिबकचे चार प्लॉट आहेत आणि एका प्लॉटची नळी खराब झाली, तर आपण त्या प्लॉटचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि पाणी बाकीच्या तीन प्लॉटकडे वळवतो. फुप्फुसातही हेच होतं. ज्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो तिथल्या रक्तनळ्या आवळतात आणि रक्त चांगली हवा असलेल्या भागाकडे जातं. खाली राहणाऱ्या जनावरासाठी ही सोय एकदम मस्त आहे. पण उंचावर सगळ्याच प्लॉटमध्ये ऑक्सिजन कमी, म्हणून सगळेच व्हॉल्व्ह अर्धे बंद होतात, आणि मोटर मात्र चालूच. लाइनमधलं प्रेशर वाढतं, मोटर तापते आणि एक दिवस जळते. ही मोटर म्हणजे हृदयाची उजवी बाजू.

गाईच्या फुप्फुसातल्या रक्तनळ्यांना स्नायूचा थर जाड असतो, त्यामुळे तिच्यात हे आवळणं माणसापेक्षाही जोरात होतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात लोकांनी खालची जनावरं वर नेली तेव्हा त्यातली काही सुस्त व्हायची, जबड्याखाली आणि पुढच्या दोन पायांच्या मधल्या छातीवर सूज यायची, पाणी भरायचं आणि जनावर मरायचं. तिथल्या पशुवैद्यांनी १९१५ च्या सुमारास या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं आणि त्याला छातीच्या सुजेवरूनच नाव पडलं. जंतू नाही, विष नाही, नुसती उंची.

आता याक घ्या. त्याच्या फुप्फुसातल्या नळ्यांच्या भिंती पातळ असतात, आवळायची सवयच जवळजवळ गेलेली असते, त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला तरी व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि मोटरवर ताण येत नाही. त्यात त्याचं हृदय आणि फुप्फुस अंगाच्या मानाने मोठं, छाती रुंद.

मग रक्तच घट्ट केलं तर?

हा प्रश्न बरोबर आहे. हिमोग्लोबिन वाढलं की ऑक्सिजन जास्त वाहून नेता येईल, मग शरीराने ते वाढवत का जाऊ नये? काही प्रमाणात फायदा होतोच. पण रक्त एका हद्दीपलीकडे दाट झालं की त्याच मोटरला आता गाळाचं पाणी ओढावं लागतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातल्या लोकांचं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि त्यातल्या काहींना उतारवयात दाट रक्ताचा आजार जडतो, डोकेदुखी, निळसर ओठ, धाप. तिबेटच्या लोकांचं मात्र उलट, तेवढ्याच उंचीवर राहूनही त्यांचं हिमोग्लोबिन फार चढत नाही. कारण त्यांच्यात ईपास-१ नावाच्या जनुकाचा एक वेगळा प्रकार आहे, जो रक्त वाढवायची घाई आवरतो. जनुक म्हणजे आईबापाकडून आलेली शरीर घडवायची एक सूचना. आणि २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा प्रकार तिबेटी लोकांच्या पूर्वजांना डेनिसोव्हन नावाच्या, आता नामशेष झालेल्या मानवाशी झालेल्या संबंधातून मिळाला.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की जनावरांनीही तेच केलं. तिबेटी कुत्र्यात हाच जनुक तिथल्या लांडग्याकडून आला, तिबेटी मेंढ्यांत अर्गाली नावाच्या रानमेंढ्याचा अंश आला आणि तिथल्या गाईंत याकाचा. म्हणजे खालून वर गेलेल्यांनी आधीपासून वर असलेल्यांशी सोयरीक केली आणि हजारो वर्षांचं काम काही पिढ्यांत पदरात पाडून घेतलं. लडाखमध्ये लोकं आजही याक आणि गाईचा मुद्दाम संकर करतात. त्यातला नर झो, तो नांगराला आणि ओझ्याला चांगला पण वांझ, आणि मादी झोमो, ती याकापेक्षा जास्त दूध देते.

अँडीजमधल्या लामा आणि अल्पाकाची तऱ्हा अजून तिसरी आहे. त्यांचं हिमोग्लोबिनच अशा घडणीचं आहे की विरळ हवेतला ऑक्सिजन ते पटकन पकडतं. हीच युक्ती पट्टकादंबाकडे आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पांढुरका राखाडी हंस हिवाळ्यात आपल्या विदर्भातल्या तलावांवर येतो, तुम्ही बघितलाही असेल, हरभऱ्याचा कोवळा पाला खातो म्हणून काही जण त्याला हाकलतात. तो लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो आणि अंगावर यंत्र बसवून मागोवा घेतला तेव्हा तो ७,००० मीटरच्याही वरून उडताना आढळला. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये अगदी छोटासा बदल आहे, तेवढ्यावर आणि मोठ्या फुप्फुसांवर तो जिथे माणूस उभा राहू शकत नाही तिथे पंख मारतो. पुढच्या वेळी हाकलायच्या आधी थोडं बघून घ्या त्याच्याकडे.

जगणं पुरत नाही, पिल्लं व्हायला पाहिजेत

एखादं जनावर वर नेलं आणि ते मेलं नाही म्हणजे ते रुळलं असं नसतं. खरी परीक्षा वंश वाढतो का ही आहे. स्पॅनिश लोकांनी पेरू जिंकल्यावर आधी हाउहा या ३,४०० मीटरवरच्या गावात राजधानी केली होती, पण १५३५ मध्ये ती खाली समुद्रकाठी लिमाला आणली, आणि त्या काळच्या नोंदींमध्ये एक कारण असं दिलंय की वर डुकरं, घोडे, कोंबड्या यांना पिल्लं होत नाहीत. तिथल्याच लामांना मात्र काही अडचण नव्हती. कोंबडीचं तर आजही तसंच आहे, खालच्या कोंबडीची अंडी उंचावर उबवली तर बरीच पिल्लं कवचातच गुदमरतात, कारण कवचाच्या बारीक छिद्रांतून पुरेसा ऑक्सिजन आत जात नाही. तिबेटी कोंबडीच्या अंड्यांतून मात्र पिल्लं बऱ्यापैकी निघतात.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागते. याक दिवसाला जेमतेम एक-दोन लिटर दूध देते, दूध दाट असतं, फॅट सहा-सातच्या घरात, पण मात्रा थोडी, आणि बरेचदा दोन वर्षांतून एक वासरू. शरीराकडे येणारा चारा आणि ऑक्सिजन थंडीत तग धरण्यातच जातो, मग दुधाला उरतं तेवढंच. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकरीचं बघा, ४,००० मीटरच्या वर, हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जाणाऱ्या थंडीत ती राहते. दिवस लहान व्हायला लागले की तिच्या भरड केसांखाली एक अतिशय बारीक लोकर उगवते, केस साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. उन्हाळा लागला की तिथले चांगपा मेंढपाळ ती विंचरून काढतात आणि तीच पश्मिना. ती थंडीच नसेल तर ती लोकर तशी येणार नाही.

पिकांचं काय

पिकांना ऑक्सिजनची एवढी अडचण नसते, त्यांचा शत्रू दवाळ. आपल्याकडे एखाद्या वर्षी दवाळ पडलं की फुलोऱ्यातली तूर एका रात्रीत काळी पडते, कारण पेशीच्या आत पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फाटते. उंचावरची पिकं थंडी वाढायला लागली की पेशीत साखर साठवतात, त्यामुळे आतलं पाणी लवकर गोठत नाही, आणि बर्फ झालाच तर तो पेशीच्या बाहेरच्या जागेत होऊ देतात.

ज्वारीला हे जमत नाही, ती मुळातच उष्ण देशातली. जवाला जमतं. तिबेटच्या ईशान्य भागात जुन्या वस्त्या उकरल्या तेव्हा फार छान गोष्ट कळली, की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वी तिथे शेती होती पण ती २,५०० मीटरपर्यंतच थांबलेली, कारण पीक होतं राळा आणि चिना. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी जव आणि मेंढ्या पश्चिमेकडून पोचल्या आणि मग लोकं ३,००० मीटरच्या वर कायमची राहायला लागली. माणसाला वर राहायचं होतंच, बियाणं मिळायला दीड हजार वर्षं लागली. लडाखी माणसाचं पारंपरिक खाणं भाजलेल्या जवाचं पीठ, आपल्या सातूसारखंच. एप्रिल-मेमध्ये पेरायचं आणि थंडी पडायच्या आत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढायचं, चुकलं तर दुसरा हंगाम नाही.

अँडीजमध्ये हीच जागा बटाट्याची आहे. तिथल्या सगळ्यात उंच वावरांत जे बटाटे तग धरतात ते कडू असतात, तसेच खाल्ले तर त्रास होतो. मग लोकं ते रात्री उघड्यावर गोठू देतात, दिवसा उन्हात ठेवतात, पायाने तुडवून पाणी काढतात, वाहत्या पाण्यात भिजवतात आणि वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. पिकात जे अनुकूलन कमी पडलं ते माणसाच्या हातांनी पूर्ण केलं.

सगळा प्रदेशच वेगळ्या हिशोबाने चालतो

एका उंचीनंतर झाडं थांबतात. वाढीच्या हंगामात सरासरी तापमान सहा अंशांच्या आसपास गेलं की उंच झाडाला नवं लाकूड तयार करणं जमत नाही, मग फक्त झुडपं आणि गवत. त्याच्याही वर गोल, घट्ट, जमिनीला चिकटलेल्या वनस्पती लागतात, वाऱ्यापासून वाचायला त्यांच्या फांद्या एकमेकींत दाटलेल्या असतात, आत बाहेरपेक्षा ऊब असते आणि त्या उबेत दुसरी छोटी रोपटी आणि किडेही राहतात. लडाखमध्ये अशा वनस्पती ६,००० मीटरच्याही वर सापडल्या आहेत. बऱ्याच झाडांच्या पानांवर लव असते किंवा जांभळट रंग असतो, तो बोचऱ्या उन्हापासून बचाव.

झाडं नाहीत म्हणजे सरपण नाही, म्हणून शेण जळणात जातं. मग वावराला खत कुठून? लडाखी घरांत पारंपरिक कोरडा संडास असतो, त्यात माती टाकत राहायची आणि वर्षाने ते कुजलेलं खत वावरात. पाणी बर्फ वितळून येतं आणि त्याची पाळी ठरवायला गावात चुरपोन नावाचा माणूस नेमलेला असतो. थंडीत पाला-शेण कुजायलाही फार वेळ लागतो, त्यामुळे एकदा चराई जास्त झाली की कुरण सावरायला वर्षं जातात. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, एक धागा ओढला की दुसरा सुटतो.

आणि सध्या तो धागा तापमान ओढतंय. हिमाचलमध्ये सफरचंद कुल्लूच्या खालच्या भागात परवडेनासं झालं आणि बागा किन्नौर, लाहौल-स्पितीकडे वर सरकल्या. वर सरकणाऱ्याला जागा आहे तोवर ठीक, पण जे आधीच टोकावर आहे त्याने कुठे जायचं, डोंगर तिथे संपतो. याक तर हवा १३-१४ अंशांच्या वर गेली की जोरात श्वास घ्यायला लागतो.

मग डोंगरातलं जनावर आपल्याकडे आणलं तर?

आता उत्तर तुम्हीच देऊ शकता. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश असतात. याकाची जाड लव, घाम काढायची कमी क्षमता, हे सगळं इथे त्याच्यावरच उलटेल. होल्स्टीन गाय तर डोंगरातली नाही, नुसती थंड देशातली आहे, तरी पारा २५ अंशांच्या वर गेला की तिचं दूध उतरायला लागतं, आणि कूलर, फॉगर, हिरवा चारा नसलेल्या कोठ्यात ती उन्हाळाभर धापा टाकते. "पण अमक्याकडे आहे ना, वीस लिटर देते" असं कोणी म्हणेल, देत असेल, पण त्याचं विजेचं बिल, ढेप आणि डॉक्टरचा खर्चही विचारून या.

आपली गवळाऊ गाय बघा, आर्वी-कारंजाकडची. पांढुरकं आखूड केसाळ अंग, ढिली कातडी, चांगला घाम येतो, कडब्या-कुटारावर दिवस काढते. हेही हजारो वर्षांचं अनुकूलन आहे, याकाच्या तोडीचं, फक्त उन्हासाठी. दूध कमी म्हणून आपण तिला कमी लेखतो. ती कमी देते कारण तिचं शरीर आधी जगण्याचा हिशोब करतं. हेटीकुंडीच्या सरकारी फार्मवर या जातीचं काम चालतं, ज्यांना चांगला वळू हवा त्यांनी तिथे चौकशी करावी.

आणि सफरचंद?

नेहमीच्या सफरचंदाला हिवाळ्यात ७ अंशांच्या खाली ८०० ते १,२०० तास लागतात, तेव्हाच फांदीवरचे डोळे नीट फुटतात. आपल्याकडे पारा तेवढा उतरतो तो मोजक्या रात्री आणि पहाटेचे काही तास, दुपारी परत ऊन. त्यामुळे काश्मीरची जात इथे लावली तर पानं येतील, फळ नाही. पण हिमाचलच्या बिलासपूरचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीवर फळणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधून वाढवली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली, आणि ती जात गरम भागांत फळते ही खरी गोष्ट आहे. म्हणून रोप विकणाऱ्याला आधी जात विचारा, नुसतं हिमाचलचं सफरचंद म्हणत असेल तर घेऊ नका. जात खरी असली तरी तिचं फळ जूनच्या सुमारास तयार होतं, म्हणजे फळ भरायचा काळ नेमका आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात येतो, तेव्हा पाणी आणि सावलीची सोय लागणार. विहिरीजवळ चार-पाच झाडं लावा, तीन-चार वर्षं बघा, फळाचा आकार, रंग, गोडी, बाजारात भाव काय येतो ते तपासा. संत्र्याची उभी बाग तोडून ती लावायची घाई कोणी करू नका.